अ‍ॅटलास पतंग आणि वाघाटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला दमदार पाऊस झाला की "केवढा हा पतंग!" म्हणत अ‍ॅटलासचे फोटो यायला लागतात. ऊसतोडणी सुरू झाली की फडात सापडलेल्या वाघाटीच्या, म्हणजे ठिपक्यांच्या छोट्या जंगली मांजराच्या, पिल्लांचे फोटो येतात. मधल्या काळात या दोघांची तुलना करणारे प्रश्न सुरूच असतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पिल्लं आत्ता समोर असतील, तर बाकीचं सोडा आणि थेट प्रश्न १३ वाचा.

१. एक कीटक, एक मांजर. यांची तुलना करायचीच कशाला?

एकाला "जगातला सर्वांत मोठा पतंग" म्हणतात, दुसरीला "जगातलं सर्वांत लहान जंगली मांजर", आणि दोघांचीही नावं सह्याद्रीतल्या रात्रींशी जोडलेली आहेत. त्यामुळे तुलना आपसूक होते. मात्र लोक आकारावर सुरू होतात आणि आकारावरच थांबतात. पोट कसं भरतं आणि ते खाल्लेलं कशावर खर्च होतं, हे शेजारी ठेवून पाहिलं तर जास्त हाती लागतं. म्हणून प्रश्न ५ आणि ६ एकापाठोपाठ वाचावेत.

२. पतंग खरंच मांजराएवढा असतो का?

नाही. अ‍ॅटलासचे पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण २४ सेंटीमीटर भरतात. वाघाटीचं नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतचं अंतर ३५ ते ४८ सेंटीमीटर असतं, वर शेपूट १५ ते ३० सेंटीमीटर. लांबी-रुंदीच्या आकड्यांत हे दोघे जवळ वाटतात, पण वजनात त्यांची गाठच पडत नाही. पूर्ण वाढलेली वाघाटी ०.९ ते १.६ किलोची असते, म्हणजे घरातल्या धडधाकट बोक्याच्या निम्मीही नाही. पतंगाचा डोलारा मात्र जवळजवळ सगळा पंखांचाच असतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फोटोत पतंग कॅमेऱ्याच्या अगदी पुढे आणि माणूस दोन पावलं मागे असतो. आपण मापाचं बोलायचं.

३. "सर्वांत मोठा" आणि "सर्वांत लहान" ही बिरुदं तरी खरी आहेत का?

दोन्ही वादातली आहेत. पंखांच्या क्षेत्रफळात ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीतला हर्क्युलिस पतंग अ‍ॅटलासला टक्कर देतो, आणि पंखांच्या निव्वळ विस्तारात दक्षिण अमेरिकेतला व्हाइट विच पतंग पुढे जातो. वाघाटीला आफ्रिकेतल्या काळ्या पायांच्या मांजराची स्पर्धा आहे. तिथेही दोन्ही जातींची वजनं एकमेकांत मिसळतात, पण खालचं टोक वाघाटीकडे झुकतं. "सर्वांत मोठ्यांपैकी एक" आणि "सर्वांत लहानांपैकी एक" एवढं लिहिलं तर कुणी चूक काढणार नाही.

४. हे दोघे राहतात कुठे, आणि दिसतात कधी?

वाघाटी जगात फक्त भारत, श्रीलंका आणि नेपाळ या तीन देशांत आहे. नेपाळमधली पक्की नोंद अगदी अलीकडची, २०१२ मधली, बर्दिया राष्ट्रीय उद्यानातली. पानझडी जंगल, काटेरी झुडपं, खडकाळ माळ अशी जागा तिला मानवते. पण पश्चिम महाराष्ट्रात ती शेतशिवारातही राहते आणि तिथेच विते. उसाचा फड तिच्यासाठी दाट झुडपासारखाच: आडोसा आहे, उंदीर आहेत, आणि तोडणी येईपर्यंत कुणी आत शिरत नाही. ती दिसत नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. दिवसा ती झाडाच्या ढोलीत किंवा गचपणात पडून असते आणि अंधार पडल्यावर निघते.

अ‍ॅटलासचा पसारा बराच मोठा आहे. हिमालयाच्या पायथ्यापासून ईशान्य भारत, आग्नेय आशिया आणि पार इंडोनेशियापर्यंत. आपल्याकडे कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात तो पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत जास्त नजरेला पडतो. इथले पतंग नेमके अ‍ॅटलासच का, यात एक मेख आहे. ती प्रश्न १७ मध्ये.

५. हा पतंग काहीच खात नाही म्हणतात. मग जगतो कशावर?

अळी असताना खाल्लेल्यावर. प्रौढ अ‍ॅटलासला कामाची सोंड नसते, तोंडाचे अवयव नावापुरते उरलेले असतात. फुलातला रस नाही, पाणी नाही. कोषातून बाहेर येताना अंगात जेवढी चरबी असेल, तेवढीच त्याची आयुष्यभराची शिदोरी.

जेवायचं काम अळीने आधीच उरकलेलं असतं. ती हिरवट निळसर, जाड, अंगावर मांसल काटे आणि त्यांवर पांढरी मेणचट पूड. वाढता वाढता ती ११ सेंटीमीटरच्या पुढे जाते. दालचिनी, लिंबूवर्गीय झाडं, पेरू, सीताफळ अशी कितीतरी पानं तिला चालतात. मग ती वाळक्या पानाच्या आडोशाने रेशमाचा कोष विणते आणि साधारण महिनाभर आत राहते.

बाहेर आलेला पतंग आधी ओला आणि चुरगळलेला असतो. तो फांदीला लटकतो आणि अंगातला द्रव पंखांच्या शिरांत ढकलत राहतो, तसतसे पंख उलगडतात, खाली ओघळतात, मग कडक होतात. याच वेळी तो कोषातल्या काळात साठलेलं टाकाऊ पाणीही टाकून देतो. या घटकेला कुणी त्याला हलवलं, तर पंख वाकडे राहतात आणि उडणं संपतं.

एवढं झाल्यावर हाताशी उरतो आठवडा, फार तर दोन. त्यातही मादी फारशी उडत नाही, कोषाच्या आसपासच बसून राहते. प्रत्येक उड्डाणाचा खर्च त्या एकाच साठ्यातून होतो. दिवसभर भिंतीला चिकटलेला पतंग म्हणूनच आजारी समजू नका.

६. वाघाटी एवढीशी आहे, मग तिला खायलाही थोडंच लागत असेल ना?

एकूण थोडं, पण अंगाच्या मानाने भरपूर. उष्ण रक्ताचा प्राणी जितका लहान, तितकी त्याची ऊब वजनाच्या मानाने वेगाने निसटते आणि ती भरून काढायला सारखं खावं लागतं. वाघ एक मोठी शिकार करून काही दिवस काढतो. किलोभराच्या मांजराला ती चैन नाही. उंदीर, लहान पक्षी, सरडे, बेडूक, कीटक, जे सापडेल ते ती धरते. क्वचित कोंबडीचं पिल्लूही. त्यावरून गावात राग असतो, पण शेतातल्या उंदरांचा हिशेब मांडला तर शेतकऱ्याचा फायदाच निघेल असं माझं मत आहे.

पतंगाचा साठा एकदाच भरतो आणि संपत जातो, वाघाटीचा रोज रात्री भरावा लागतो. पुढच्या उत्तरांतले बरेचसे फरक इथूनच निघतात.

७. आयुष्य कुणाचं मोठं?

वाघाटीचं, निर्विवाद. बंदिवासात ती १२ वर्षं आणि त्याहूनही जास्त जगल्याच्या नोंदी आहेत. पतंगाबाबत लोक फक्त पंख फुटल्यानंतरचे दिवस मोजतात आणि हळहळतात. ते बरोबर नाही. अंड्याचे सुमारे दोन आठवडे, अळीचे कित्येक आठवडे आणि कोषाचा महिना धरला, तर हिशेब काही महिन्यांवर जातो. हवामान प्रतिकूल असेल तर कोषातला मुक्काम आणखी लांबतो. आपल्याला दिसतो तो शेवटचा तुकडा.

८. पिल्लांची काळजी कोण जास्त घेतं?

वाघाटीची मादी ६५ ते ७० दिवस गाभण राहते आणि एक ते तीन पिल्लं देते. ती ढोलीत, कपारीत किंवा उसाच्या पाचटात लपवते, दूध पाजते, जागा धोक्याची वाटली तर एकेकाला मानेला धरून हलवते. पुढे शिकारही तिच्याच मागे फिरून शिकावी लागते.

पतंगाची मादी पानांच्या खालच्या बाजूला अडीच मिलिमीटरची गोल अंडी चिकटवते आणि तिचं काम संपतं. तिला बेफिकीर म्हणू नका, कारण अळ्यांना चालेल अशा झाडावर अंडी घालणं हीच तिची काळजी आहे. अळी अंड्यातून येते ती सगळं अंगी घेऊनच, शिकवायचं काही उरत नाही.

९. अंधारात जास्त चांगलं कुणाला दिसतं?

आधी एक साम्य. रात्री टॉर्च मारला की वाघाटीचे डोळे चमकतात हे सगळ्यांना माहीत आहे. मोठ्या पतंगांचेही चमकतात, तांबूस निखाऱ्यासारखे. मांजराच्या डोळ्यात पडद्यामागे चकचकीत थर असतो, तो निसटलेला प्रकाश परत पडद्यावर फेकतो. पतंगाच्या डोळ्यात हेच काम तळाशी असलेल्या हवेच्या बारीक नळ्या करतात. शरीराची घडण पूर्ण वेगळी, तरी अडचण तीच आणि तोडगाही जवळपास तोच.

पतंग एक पाऊल पुढे गेला आहे. त्याच्या डोळ्याच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म उंचवटे असतात, त्यामुळे प्रकाश बाहेर परतण्याऐवजी आत शिरतो. १९६० च्या दशकात ही रचना लक्षात आली आणि तिच्यावरून काचेवर चकाकी न येऊ देणारे लेप तयार झाले. पण बारकावे टिपण्यात आणि उडी मारण्याआधी अंतर जोखण्यात मांजर कितीतरी सरस. शिकार तिलाच करायची आहे.

१०. जोडीदार कसा सापडतो?

दोघांनाही वासानेच. पतंगाची मादी कोषाजवळ बसून रात्री हवेत गंध सोडते. नराच्या डोक्यावर पिसांसारख्या रुंद शृंगिका असतात, मादीच्या त्या मानाने बारीक. गंधाचे कण या पिसाऱ्यात अडकले की नर वाऱ्याच्या उलट दिशेने निघतो. नर-मादी ओळखायची सोपी खूणही हीच.

वाघाटीचे नर आणि मादी दोघेही लघवीचे फवारे मारून जागेवर खुणा ठेवतात. पतंगाची हाक त्या रात्रीपुरती असते. मांजराची खूण मागाहून येणाऱ्यालाही कळते, आणि ती "इथे मी राहते" असंही सांगते.

११. पतंगाच्या पंखावर खरंच साप असतो का?

पुढच्या पंखाचं टोक बाहेर वळलेलं असतं, त्यावर डोळ्यासारखा काळा ठिपका आणि खाली तोंडाच्या फटीसारखी रेघ. माणसाला तरी त्यात नागाचं डोकं दिसतंच. डिवचला की पतंग जमिनीवर पडून पंख सावकाश हलवतो, तेव्हा तर नक्कीच.

मला यापेक्षा रात्रीची बाजू जास्त आवडते. या कुळातल्या पतंगांना कान नसतात, त्यामुळे वटवाघूळ येतंय हे त्यांना ऐकू येत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की पंखाच्या टोकाच्या घड्या आणि वळ्या वटवाघळाने सोडलेला ध्वनी जोरात परत फेकतात. प्रतिध्वनी टोकाकडून मोठा येतो, झेप तिकडे पडते आणि धड वाचतं. पंखाचं टोक गेलं तरी पतंग उडू शकतो. टोकं फाटलेले अ‍ॅटलास दिसतात, त्यातले काही असे वाचलेले असू शकतात.

पंखांवरच्या त्रिकोणी पारदर्शक खिडक्यांबद्दलही विचारतात. तिथे खवले नसतात, एवढंच.

वाघाटीकडे असली सोंगं नाहीत. ठिपक्यांचं अंग, लहान चण आणि झाडावर झटकन चढणं, यावर ती निभावते.

१२. फोटोत आहे ती वाघाटीच का? बिबट्याचं पिल्लू, बिबट मांजर की रानमांजर?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

वाघाटीचा अंगरंग राखाडी, त्यात तपकिरी झाक, पाठीवर आणि कुशीवर गंजाच्या रंगाचे ठिपके ओळीने गेलेले. चेहऱ्याकडे पाहा: दोन्ही डोळ्यांच्या आतल्या बाजूने पांढऱ्या पट्ट्या कपाळावर चढतात आणि शेजारून गडद रेघा मागे जातात. पोट पांढरट, त्यावर मोठे गडद डाग. शेपटीवर मात्र ठळक ठिपके नसतात.

बिबट मांजर हिच्याहून मोठं, ठिपके काळे आणि ठसठशीत, शेपटीवरही ठिपके. रानमांजर ओळखणं सोपं: उंच पाय, अंगावर ठिपके नाहीत, कानांच्या टोकाला काळे केस, शेपूट आखूड आणि टोकाला काळी. बिबट्याच्या पिल्लाचे पंजे अंगाच्या मानाने थोराड असतात आणि ठिपके काळे व दाट.

डोळेही न उघडलेली पिल्लं असतील तर फोटोवरून छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. उसात सापडलेलं ठिपक्यांचं पिल्लू बिबट्याचं असण्याची शक्यता धरूनच वागा, कारण तसं असेल तर आई जवळपास असणार.

१३. ऊसतोडणीत पिल्लं सापडली. आता काय करू?

तोडणी तिथे थांबवा, माणसं आणि कुत्री लांब न्या. पिल्लांना हात लावू नका, दूध पाजू नका, सेल्फी काढायला तर मुळीच उचलू नका. वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यांचा मदत क्रमांक १९२६ आहे.

आई पिल्लं टाकून गेलेली नसते. कोयत्यांचा आवाज आणि माणसांची गर्दी यामुळे ती बाजूला झालेली असते. जुन्नर भागात वनविभागाने अशा मायलेकरांची भेट बऱ्याचदा घडवून आणली आहे. पशुवैद्य पिल्लं तपासतात, संध्याकाळी ती सापडलेल्या जागीच खोक्यात ठेवली जातात, कॅमेरा लावून सगळे मागे सरतात, आणि अंधारात आई येऊन एकेक पिल्लू घेऊन जाते. म्हणून जागा नेमकी लक्षात ठेवा. उत्साहाने पिल्लं तालुक्याला नेली आणि कुठल्या सरीत सापडली तेच कुणाला आठवेना, असं झालं की सगळं अवघड होतं.

१४. अ‍ॅटलास दाराशी येऊन बसलाय. चावतो का? हाकलू का?

चावायला तोंडच नाही (प्रश्न ५). दंशही करत नाही. बाहेरचा दिवा बंद करा, बास. झाडूने हाकललं की तो घाबरून उडतो आणि मोजकी शक्ती फुकट जाते. वाटेतच बसला असेल तर त्याच्या पायांपुढे काडी धरा, तो चढेल, मग झाडाच्या सावलीत ठेवा. पंखांना धरू नका, खवले निघून येतात. साखरपाणी ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण पतंगाला त्याचा उपयोग नाही.

१५. यांना पाळता येतं का?

वाघाटीला नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ती आहे. पकडणं, बाळगणं, विकणं हा गुन्हा आहे, मग पिल्लू "आपणहून घरात आलेलं" का असेना. लहानपणी ती गोजिरवाणी वाटते खरी, पण स्वभाव रानटीच राहतो.

पतंगाचा कोष सापडला तर तोही झाडावरच राहू द्या. खिडकीशी बंद बरणीत निघालेल्या पतंगाला पंख पसरायला जागा मिळत नाही.

याच्याशी जोडलेला आणखी एक प्रश्न येतो: गावातल्या बोक्याशी वाघाटीचा संकर होतो का? वस्तीजवळ राहणाऱ्या वाघाटींबाबत ही भीती अभ्यासकांनी मांडली आहे. शिवाय पाळीव मांजरांचे रोगही असतात. शेतात फिरणाऱ्या मांजरांचं लसीकरण आणि नसबंदी हा त्यावरचा साधा उपाय.

१६. अ‍ॅटलासपासून रेशीम मिळतं का? आणि वाघाटी हा पतंग खाते का?

रेशीम मिळतं. त्याला फगारा म्हणतात, रंग तपकिरी, टिकाऊ. मात्र धागा सलग उलगडत नाही, तुकड्यांत निघतो, त्यामुळे तो कातावा लागतो. तैवानमध्ये त्याच्या रिकाम्या कोषांच्या चिल्लर ठेवायच्या पिशव्या करतात. भंडारा-गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर घेतात, तो टसरचा पतंग अ‍ॅटलासचाच कुळबंधू.

खाण्याबद्दल म्हणाल तर कीटक वाघाटीच्या आहारात आहेत. आवाक्यात बसलेला गुबगुबीत पतंग ती सोडेल असं वाटत नाही.

१७. सह्याद्रीत दिसतो तो अ‍ॅटलास नाहीच, असं एकाने सांगितलं. खरं काय?

सांगणाऱ्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतले हे पतंग पूर्वी अ‍ॅटलासचीच उपजात समजले जायचे. आता त्यांना अ‍ॅटॅकस टॅप्रोबॅनिस ही स्वतंत्र जात मानलं जातं. खरा अ‍ॅटॅकस अ‍ॅटलास, ज्याला जीवशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये नाव दिलं, तो आपल्या देशात हिमालय आणि ईशान्येकडचा. वर्तमानपत्रं आणि बोलणं मात्र दोघांनाही अ‍ॅटलासच म्हणतं, म्हणून या पानावरही तेच नाव ठेवलं आहे. राहणी आणि जीवनक्रम जवळपास सारखा असल्याने वरची उत्तरं दोघांना लागू पडतात. फक्त नोंद करताना जिल्हा आणि महिना लिहा आणि पंखांचा वरून घेतलेला स्पष्ट फोटो जोडा.

वाघाटीचंही भारत-श्रीलंका प्रकरण आहे, पण वेगळं. तिथे जात एकच मानली जाते, प्रायोनेलुरस रुबिजिनोसस, आणि श्रीलंकेतल्या मांजरांना उपजातीचा दर्जा मिळतो. आपल्याकडे ती मुख्यतः कोरड्या प्रदेशातली, श्रीलंकेत मात्र दमट जंगलांतही आढळते. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत (आययूसीएन रेड लिस्ट) २०१६ पासून ती "निअर थ्रेटन्ड", म्हणजे धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात भारतातली वाघाटी सर्वांत कडक अशा परिशिष्ट १ मध्ये आहे, तर श्रीलंका आणि नेपाळमधली परिशिष्ट २ मध्ये.